एका परातीतली माणसं

अरबी घरात पाहुणा टेकला की आधी गहवा येतो. वाढणाऱ्याच्या डाव्या हातात लांब चोचीची किटली, म्हणजे दल्ला, असते, उजव्या हातात बिनकानाच्या इवल्या पेल्यांची चळत. या पेल्याला फिंजान म्हणतात. वेलदोडा घातलेली, फिकट सोनेरी, बिनसाखरेची कॉफी फिंजानच्या तळाशी घोटभरच ओततात आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पाहुण्याला आणखी नको असेल तेव्हा त्याने फिंजान बोटांत धरून दोन-तीनदा डावीउजवीकडे हलवायचा. बोलायला नको, कारण सांगायला नको, यजमानाचा मानही दुखावत नाही. २०१५ मध्ये युनेस्कोने या कॉफीच्या रिवाजाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली आहे.

त्यानंतर जेवण येतं, आणि जेवणाला असा कुठलाच इशारा नाही. जमिनीवर सुफरा अंथरलेला असतो. मधोमध भलीमोठी परात, तीत बासमतीचा डोंगर, त्यावर शिजून हाडापासून सुटत आलेलं मटण, तळलेले बदाम, बेदाणे. सौदीत याला कबसा म्हणतात, कुवेत-बहारीन-कतारमध्ये मचबूस. सगळे एकाच परातीतून उजव्या हाताने खातात. यजमान मांसाचा चांगला तुकडा स्वतःच्या बोटांनी तोडून पाहुण्याच्या पुढ्यात सरकवतो, तो संपला की दुसरा. आपल्या पंगतीत ताटावर आडवा हात तरी धरता येतो. इथे स्वतःचं ताटच नसतं. आपण किती खाल्लं याचा अंदाज खाणाऱ्यालाही येत नाही, कारण समोरचा भात सगळ्यांचा असतो आणि तो सगळीकडून सारखाच खचत जातो.

आहारातून येणारा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार टाळायचा असेल तर ‘कमी खा, गोड सोडा, रोज चाला’ हे अरब डॉक्टर गेली कित्येक वर्षं सांगत आहेत. सल्ला बरोबर आहे, पण तो ज्याला दिला जातो तो माणूस एकटा जेवत नाही. आई, सासू, मेहुणे, शुक्रवारी जमणारं अख्खं घर यांच्यासमोर त्याला एकट्याने ‘नको’ म्हणायचं असतं. हे ओझं एकेकट्याच्या मनोबलावर टाकलं तिथे सल्ला वाहून गेला. आणि नकार देण्याची वेळच येणार नाही अशा जागी, म्हणजे भटारखान्यात, किमतीत, रस्त्यात, दवाखान्याच्या रचनेत बदल झाला तिथे काहीतरी हललं. अरब देशांकडे या प्रश्नासाठी पाहताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आकडे गंभीर आहेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अ‍ॅटलासमध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका या विभागातल्या २० ते ७९ वयाच्या दर शंभर माणसांपैकी १६ जणांना मधुमेह होता. जगाच्या कुठल्याही विभागापेक्षा हे प्रमाण जास्त. त्यात इराण आणि पाकिस्तानही धरलेले आहेत, म्हणून सगळा भार अरबांच्या माथी मारता येणार नाही. पण कुवेतचा वेगळा आकडा २४.९ टक्के होता, म्हणजे दर चार प्रौढांत एक. इजिप्तमध्ये मधुमेही १ कोटी ९ लाख. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने १६८ देशांतल्या लोकांच्या शारीरिक हालचालींची पाहणी छापली. पुरेशी हालचाल न करणाऱ्यांत कुवेत पहिला आला, दर शंभरांत ६७ जण. सौदी अरेबियात निम्म्याहून अधिक.

हीच माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी कशी जगत होती हे मुंबईला चांगलं ठाऊक होतं. तेलाआधीचा आखात मोत्यांवर जगायचा. उन्हाळ्याचे चार महिने जहाजं समुद्रात असत. पाणबुडे सकाळी दोन-चार खजूर आणि कॉफीवर दिवसभर बुड्या मारायचे आणि पोटभर जेवण मिळायचं ते सूर्य मावळल्यावर, मासळी-भाताचं. मोती विकायला व्यापारी मुंबईला यायचे, कित्येकांची इथे घरं होती. कुवेतची गलबतं बसऱ्याचा खजूर आपल्या किनाऱ्याला उतरवत आणि जाताना सागवान, तांदूळ, मसाले भरून नेत. वाळवंटातल्या परातीवर भात आला तो या समुद्रमार्गाने. साठच्या दशकापर्यंत आखातात व्यवहाराचं चलनही भारतीय रुपया होतं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या.

भात तेव्हाही होता, खजूरही होता. पण भात महाग होता, मटण सणासुदीला व्हायचं आणि अंग दिवसभर झिजायचं. जपानी संवर्धित मोत्यांनी आणि १९२९ नंतरच्या मंदीने मोत्यांचा धंदा बुडाला. बहारीनमध्ये १९३२ ला, कुवेत आणि सौदीत १९३८ ला तेल लागलं. पुढच्या चाळीस वर्षांत सणाचं जेवण रोजचं झालं आणि अंगमेहनत संपली. घरकामाला बाहेरून आलेल्या बायका, गाडी चालवायला बाहेरून आलेले पुरुष, आणि शहरं अशी आखलेली की किराणा दुकानापर्यंतसुद्धा मोटारीशिवाय पोहोचता येऊ नये. उन्हाचं कारण खोटं नाही. कुवेतच्या मित्रिबा इथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. पण ऊन आजोबांच्या काळातही होतंच. तेव्हा गल्ल्या अरुंद होत्या, भिंतींची सावली रस्त्यावर पडायची आणि मशीद, बाजार, नातेवाईक चालण्याच्या अंतरावर असायचे.

कुवेतच्या एका सरकारी योजनेपाशी मी फार वेळ रेंगाळले. तिचं नाव तमवीन. नागरिकांना शिधापत्रिकेवर अगदी नाममात्र दरात तांदूळ, साखर, तेल, दूध पावडर, डाळ मिळते. प्रत्येक मोहल्ल्यातल्या जमियेत, म्हणजे सहकारी भांडारात, हा शिधा घ्यायचा. टंचाईची आठवण ताजी असलेल्या समाजाने आपल्या माणसांची केलेली ही काळजी होती, आणि तिची थट्टा करावी असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याच राज्यात मधुमेहाचे उपचारही सरकारी खर्चाने होतात, आणि २००६ मध्ये मधुमेहाच्या संशोधनासाठी दसमान इन्स्टिट्यूटही उभी राहिली. एका हाताने स्वस्त साखर आणि दुसऱ्या हाताने इन्सुलिन. साखर-तेलाऐवजी शिध्यात कडधान्यं, ताजी फळं-भाज्या वाढवल्या तर? शिधा घेणाऱ्या कुणालाही त्यासाठी परातीपाशी ‘नको’ म्हणावं लागणार नाही.

लोकांना हलवायचे प्रयत्न पुष्कळ झाले, काही फार झगझगीत. २०१३ च्या रमजानमध्ये दुबई महापालिकेने जाहीर केलं की महिनाभरात जितके किलो वजन उतरवाल तितके ग्रॅम सोनं मिळेल, मात्र निदान दोन किलो तरी उतरलं पाहिजे. लोकांनी रांगा लावल्या. पण तीस दिवसांत उतरलेलं वजन एकतिसाव्या दिवशी कुणाच्या भरवशावर टिकणार, याचं उत्तर सोन्यात नव्हतं. कतारने २०१२ पासून फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार राष्ट्रीय क्रीडा दिन केला आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी दिली. वर्षातला एक दिवस कमीच, पण खेळासाठी कचेऱ्या बंद ठेवणारं राष्ट्र आपल्या लोकांना काहीतरी सांगत असतं. संध्याकाळी दोहाच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, काळ्या अबायाखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून झपाझप चालणाऱ्या बायका आता नेहमीच्या झाल्या आहेत. उन्हाळ्यात हेच चालणं वातानुकूलित मॉलमध्ये होतं.

बायकांच्या बाबतीत सौदीतला बदल सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उशिराचा. मुलींच्या सरकारी शाळांत व्यायामाचा तास सुरू करण्याची घोषणा २०१७ ची. म्हणजे आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या सौदी बाईने सरकारी शाळेत पळण्याचा तास कधी पाहिलाच नाही. बायकांसाठी जिमचे परवानेही त्याच सुमारास मिळू लागले. मार्च २०१८ मध्ये अल-अहसा या खजुरांच्या ओअ‍ॅसिसमध्ये तीन किलोमीटरची बायकांची शर्यत झाली, सुमारे १,५०० जणी धावल्या. बाईने घराबाहेर चालायचं की नाही हे जिथे दुसरंच कुणी ठरवत होतं तिथे ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला पोकळ होता. दार आधी उघडावं लागलं.

किमतीचा मार्ग सौदीने जून २०१७ मध्ये धरला. कोल्ड्रिंकवर ५० टक्के, एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर. संयुक्त अरब अमिरातीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तोच दर लावला, बहारीन, कतार, ओमान मागोमाग आले. पुढे साखर घातलेली इतर पेयंही काही देशांत कराखाली आली. सौदीतल्या कोल्ड्रिंकचा खप पहिल्या दोन वर्षांत चांगलाच उतरल्याचं विक्रीच्या आकड्यांवरून दिसलं. पण कराच्या जाळ्यातून एक पेय अलगद सुटतं, आणि ते आपल्याकडूनच गेलेलं आहे: करक चहा. आटवलेलं डब्यातलं दूध, भरपूर साखर, वेलदोडा. रस्त्याकडेच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा, पोऱ्या कागदी कप काचेतून आत देतो, गाडीतून उतरायचंही काम नाही. दिवसातून चार-पाच कप सहज होतात. बिनसाखरेचा गहवा पाहुण्यांसाठी उरला आणि रोजच्या तलफेला करक बसला, हे मला कोल्ड्रिंकपेक्षाही काळजीचं वाटतं.

सगळ्यात कमी गाजावाजा झाला तो रोटीच्या बाबतीत. कुवेतमध्ये रोजची अरबी रोटी, आपली माणसं जिला खुबूस म्हणतात ती, मुख्यतः एकाच मोठ्या कंपनीच्या भट्ट्यांतून येते: कुवेत फ्लोअर मिल्स अँड बेकरीज. २०१३ मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि कंपनीने मिळून रोटीतलं मीठ सुमारे एक पंचमांशाने कमी केलं. जाहिरात नाही, घोषणा नाही. मीठ हळूहळू कमी झालं की जिभेला फरक कळत नाही, पण रक्तवाहिन्यांना कळतो. रोटी दिवसातून तीनदा खाणाऱ्या देशात मिठाचा मोठा वाटा रोटीतूनच जातो. सौदीनेही रोटीतल्या मिठाला १०० ग्रॅममागे १ ग्रॅमची मर्यादा घातली, हॉटेलांच्या मेन्यूवर कॅलरी छापायला लावल्या, आणि वनस्पती तुपासारख्या कृत्रिम ट्रान्सफॅटवर बंदी आणली. ती बंदी नीट अमलात आणल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या पाच देशांना दिलं, त्यात सौदी अरेबिया होता.

मग एकेका माणसाने करायचं काही उरतच नाही का? उरतं, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा कतारमधूनच आला आहे. वाइल कॉर्नेल मेडिसिनच्या कतार शाखेतले डॉ. शहराद ताहेरी आणि सहकाऱ्यांनी ‘डायडेम-१’ नावाचा प्रयोग केला. १८ ते ५० वयाचे, मधुमेह होऊन तीन वर्षांपेक्षा कमी काळ झालेले, मूळचे मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतले १५८ जण त्यात घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्यांचं पहिले १२ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद करून त्याजागी ठरावीक कमी कॅलरींचं सूप आणि शेक. नंतर हळूहळू खरं अन्न परत आणायचं, रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य ठेवायचं, आणि या सगळ्यात आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक यांनी सोबत राहायचं.

वर्षाअखेरीस या गटाचं वजन सरासरी १२ किलोंनी उतरलं, दुसऱ्या गटाचं ४ किलोंनी. आणि औषधांशिवाय साखर मधुमेहाच्या रेषेखाली राहिलेले या गटात ६१ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १२ टक्के. ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’ने २०२० मध्ये हे छापलं. मधुमेह एकदा लागला की जन्माचा, हा समज तरुण अरब रुग्णांपुरता तरी हलला.

पण हे साधलं कसं? मला वाटतं, ते १२ आठवडे त्या माणसाला परातीभोवतीच्या पेचातून बाहेर काढण्यात आलं होतं. त्याच्या हातात डॉक्टरने दिलेलं पाकीट होतं. तो ‘मला नको’ म्हणत नव्हता, ‘डॉक्टरांनी हेच सांगितलंय’ म्हणत होता. यजमानाचा आणि आईचा मान राहात होता आणि तोही सुटत होता. पुढचा रस्ता कठीणच आहे. ब्रिटनमध्ये अशाच पद्धतीच्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात पहिल्या वर्षी ४६ टक्के मधुमेहातून बाहेर आले, पण पाच वर्षांनी उतरलेलं वजन काही अंशी आणि त्यासोबत बहुतेकांचा आजार परतलेला होता. पाकीट संपतं आणि परात पुन्हा समोर येते.

म्हणून शहाणे अरब डॉक्टर आता माणसाऐवजी घराला भेटायला बोलावतात. स्वयंपाक करणारी व्यक्ती दवाखान्यात हवी. पुष्कळ घरांत ती केरळची, श्रीलंकेची, फिलिपिन्सची, इथिओपियाची असते, आणि तेल किती ओतायचं हे तिच्या पळीवर ठरतं. भातात मसूर, परातीत अर्धी जागा सलाडला, मटणाऐवजी आठवड्यातून दोनदा हमूर किंवा सफी मासा, मैद्याऐवजी अख्ख्या गव्हाचं हरीस. यातलं काहीच परकं नाही. हे सगळं आजीच्या चुलीवर होतं.

खजुराची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. अमिरातीतल्या संशोधकांनी खलास, फर्द, लुलू अशा पाच जातींचे खजूर निरोगी आणि मधुमेही लोकांना खायला देऊन रक्तातली साखर मोजली. २०११ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात निरोगी लोकांत खजुराचा ग्लायसेमिक निर्देशांक ४६ ते ५५ दरम्यान आला, मधुमेहींतही जवळपास तेवढाच. मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी कमी. इफ्तारला तीन खजूर खाणारा चुकत नाही. खजुरांनंतर सांबूसा, मग पाकात बुडवलेले लुकैमात, मग कुनाफा, आणि सोबत लालभडक व्हिम्टो सरबताचा जग आला की साखर चढते.

रमजान हा तर जीवनशैली बदलायला वर्षात आपोआप मिळणारा महिना. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के जणांनी निदान पंधरा दिवस तरी रोजे धरले होते. धर्मात आजाऱ्याला सूट असूनही. तेव्हा ‘रोजा धरू नका’ एवढंच सांगून भागत नाही हे डॉक्टरांनी ओळखलं. आज रमजानपूर्व तपासणी, कुणाला किती धोका याची मोजणी, औषधांच्या वेळा बदलणं, साखर फार उतरली तर रोजा तिथेच सोडणं, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्यात रात्रीच्या तरावीह नमाजाची उठबससुद्धा व्यायाम म्हणून धरली आहे. पोटाचा एक वाटा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला ठेवावा ही प्रेषितांची शिकवण अरब घराघरांत ठाऊक आहे. तीच गोष्ट जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, इमामाने सांगितली तर ती भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा खोल जाते.

सगळे अरब काही आखाती नाहीत. कैरोत भल्या पहाटे हातगाडीवर पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या निमुळत्या हंड्यात रात्रभर शिजलेला फूल असतो. सुके वाल म्हणावेत असे फावा दाणे, त्यावर जिरं, लिंबू, थोडं तेल, सोबत कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची बलदी रोटी. प्रथिनं, तंतू, पोट दुपारपर्यंत भरलेलं. आहारतज्ज्ञाने याहून चांगली न्याहारी सुचवू नये. तरी इजिप्त आजारी आहे, कारण दिवसाचं उरलेलं जेवण स्वस्त पीठ, रेशनची साखर आणि तेल यांवर भागवावं लागतं. १९७७ मध्ये सरकार अन्नावरचं अनुदान कापायला निघाल्यावर दंगली झाल्या, आणि पाच पियास्टरची रोटी अनेक दशकं पाचच पियास्टरला राहिली. जून २०२४ मध्ये ती वीस झाली. पगारात भाजी बसत नसेल तिथे ‘फळं-भाज्या खा’ कुणाला सांगायचं? येमेन, सुदान, गाझा यांबद्दल तर या लेखात बोलणंही जड जातं. तिथे मधुमेही माणसाला मदतीच्या पोत्यातून पीठ, साखर, तेल मिळतं आणि इन्सुलिनला बर्फ मिळत नाही.

इजिप्तने एक मोठं काम मात्र केलं. २०१८-१९ मध्ये ‘१० कोटी आरोग्य’ मोहिमेत जवळजवळ ५ कोटी प्रौढांची तपासणी झाली. मुख्य शोध हेपॅटायटिस-सीचा होता, पण त्याच रांगेत रक्तदाब, साखर आणि वजनही पाहिलं गेलं. आपल्याला आजार आहे हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल.

या गोष्टीत आपली माणसं कुठे आहेत? म्हसळा, श्रीवर्धन, खेड, चिपळूण, दापोलीच्या वाड्यावाड्यांतून आणि गोव्याच्या साष्टी-बार्देशमधून माणसं पिढ्यानपिढ्या कुवेत, बहारीन, सौदी, कतारला जातात. ड्रायव्हर, स्वयंपाकी, नर्स, कारकून, फोरमन. एका खोलीत सहा-आठ जण, मेसचा डबा, उलटसुलट पाळ्या, झोप अर्धी, करक वारंवार, आणि शुक्रवारी खोलीत बिर्याणी. अरब प्रौढांसाठी आखलेल्या मोहिमा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. भाषा अरबी, वेळ कामाची, आणि साखर निघाली तर व्हिसा जाईल या भीतीने तपासणीच टाळलेली. आजार ते घरी घेऊन येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये छापलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के, कुवेतच्या शेजारी बसेल असं. त्यात आखाताचा वाटा किती हे कुणी मोजलेलं नाही, आणि गोव्याची स्वतःची कारणं भरपूर आहेत. पण दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी भात स्वस्त झाला, अंगमेहनत गेली आणि पाहुणचार तसाच राहिला.

कुवेतमधल्या या आपल्या माणसाला जिमची सवलत मिळाली नाही, आहारतज्ज्ञ मिळाला नाही, क्रीडा दिनाची सुट्टीही नाही. पण २०१३ पासून तो पाळीवर जाताना बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूसचं जे पाकीट उचलतो त्यात मीठ एक पंचमांशाने कमी आहे. ते घेताना त्याला कुणी नागरिकत्व विचारलेलं नाही, आणि मीठ कमी झाल्याचं बहुधा त्याला आजही माहीत नाही.